भीती निवारण समितीचा अध्यक्ष

कोपरखैरणे, नवी मुंबई
रविवार, ता. ३ डिसेंबर १९९५

तीर्थस्वरूप बाबासोमामा यांच्या चरणी,

भाचा इंद्रजितचा नमस्कार. (दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा, कारण मागच्या पत्रात आपण लिहिले होते की डावा आता उजव्याचे ऐकत नाही.) मामींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? आणि व्याली असल्यास रेडकू आहे की पारडी, ते कृपया स्पष्ट लिहावे. मागच्या खेपेला आपण नुसते "झाले एकदाचे" असे लिहिलेत आणि सुनयनाला वाटले विहिरीचे काम झाले. इकडे सर्व खुशाल. चि. विश्वजितचे पुढचे दोन दात पडले असून तो आपल्याला "मामाआजोबा" म्हणतो ते आता "मामाआदोबा" असे ऐकू येते. माझी प्रकृती विचाराल तर ताप नाही, खोकला नाही, दोन वेळा जेवण जाते. फक्त गेले तेवीस दिवस मी घाबरलेलो आहे.

म्हणजे अधूनमधून घाबरतो असे नाही. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा भीती उठते आणि मग मी. दाढी करताना ती आरशात माझ्या आधी येऊन बसलेली असते. (माझे नाव आत्याने इंद्रजित ठेवले तेव्हा तिने थोडे थांबून माझा स्वभाव पाहायला हवा होता, असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे.) आपण वीज बोर्डात तीस वर्षे लाइनमन होता, भर पावसात खांबावर चढत होता, तेव्हा आपल्याला हे लिहायला मला लाज वाटते. पण दुसर्‍या कोणाला लिहू? वडील गेल्यापासून पक्कड हातात धरायला मला आपणच शिकवलेत.

झाले असे की दहा नोव्हेंबरला आमच्या ज्युनियर कॉलेजला बेलापूरच्या सरकारी कार्यालयातून पत्र आले. आपण इकडे कधी आला नाहीत म्हणून सांगतो. बोनकोडे गावाच्या कडेला आमची इमारत आहे. अकरावी-बारावीला नेहमीच्या वर्गांबरोबर दोन व्यवसाय अभ्यासक्रम चालतात, एक बेकरीचा आणि एक विजेच्या उपकरणांच्या देखभालीचा. बेकरी पुढे, आम्ही मागे पत्र्याच्या वर्कशॉपात. त्यामुळे दिवसभर पावाचा वास येतो आणि माझी बारावीची वीस पोरे अकरा वाजल्यापासून भुकेली असतात. पत्रात लिहिले होते की गुरुवार ता. १४ डिसेंबरला तपासणी समिती येणार. अभ्यासक्रमाप्रमाणे प्रात्यक्षिकाचे तास किती, प्रत्यक्षात झाले किती आणि झाल्याचा पुरावा काय, हे ती पाहणार. समाधान झाले नाही तर पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बंद. आणि शेवटी एक ओळ होती : विद्यार्थ्यांच्या मनावर दडपण राहू नये म्हणून शाळेने काय केले, तेही दाखवावे.

आमच्या प्राचार्या राजेश्वरीबाई स्वभावाने मायाळू आहेत, पण हातात सरकारी कागद आला की त्यांचा आवाज चिरका होतो. त्यांनी मला बोलावले आणि अभ्यासक्रमाची सगळी कागदपत्रे माझ्याकडे दिली. मी मान डोलावली. मग त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भीती निवारण समिती नेमली आहे असं लिहू या. अध्यक्ष तुम्ही व्हा. तुम्ही किती शांत असता, सर." मामा, मी शांत नसतो. मी घाबरलेला असतो. लांबून दोन्ही सारखेच दिसते. समितीत दुसरा सदस्य नव्हता, त्यामुळे विरोध करायलाही कोणी नव्हते.

आता मला कशाची भीती होती ते लिहितो. इथून पुढचे आपण बसून वाचावे.

बारावीच्या अभ्यासक्रमात थ्री फेज मोटार जोडून चालवण्याचे चोवीस तासांचे प्रात्यक्षिक आहे. आमच्याकडे मोटार आहे. दोन वर्षांपूर्वी लाकडी खोक्यातून आली, आणि काल सकाळपर्यंत त्या खोक्याचा एक खिळासुद्धा कोणी उपटला नव्हता. मी सगळे फळ्यावर शिकवले. लाल, पिवळा, निळा असे तीन खडू घेऊन मी अशी सुंदर आकृती काढतो की बेकरीच्या बाई एकदा पाहायला आल्या आणि आमच्या केकवर अशी काढून द्याल का म्हणाल्या. माझी पोरे ती आकृती डोळे मिटून काढतात. पण एकाही पोराने त्या मोटारीचा एक स्क्रू पिळलेला नव्हता. आणि हजेरीच्या मोठ्या वहीत, "प्रात्यक्षिक, मोटार, चोवीस तास" यापुढे माझ्या स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते : झाले. खाली माझी सही, त्याखाली बाईंची सही. बाईंनी विश्वासाने केलेली.

का, असे आपण विचाराल. तळोज्याच्या कारखान्यातली नोकरी मी तिथल्या वासामुळे सोडली असे मी आपल्याला सांगितले होते. वास होताच. पण त्या वासात मी तीन वर्षे काढली होती, आणखीही काढली असती. तिथे शिवराम म्हणून आमचे जुने वायरमन होते, पंचेचाळिशीचे. मला हाताखाली घेऊन तेच शिकवत. डब्यातली भाकरी अर्धी मोडून देत. एके दिवशी सकाळी उघड्या पॅनलमध्ये त्यांचा हात चिकटला. मेन स्विचचा दांडा माझ्यापासून दोन पावलांवर होता. काय करायचे ते मला पाठ होते, आपण मला दहाव्या वर्षी शिकवले होते : माणसाला शिवायचे नाही, आधी दांडा खाली ओढायचा. मी पाहत राहिलो. हातपाय माझे नव्हतेच. पलीकडच्या खात्यातला एकजण धावत आला, त्याने मला ढकलले आणि दांडा ओढला. शिवराम वाचले. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे वळत नाहीत. दवाखान्यात ते मला म्हणाले, "अरे, तू नवा होतास." मी नवा नव्हतो, मामा.

त्यानंतर मी घरचा दिवा लावतो, पंखा लावतो, टेस्टर धरतो. पण पॅनलचे दार उघडे दिसले की माझे तोंड कोरडे पडते. हे सुनयनालाही ठाऊक नव्हते. आणि असा मी नोकरी शोधत शोधत कुठे येऊन पडलो, तर विजेचा मास्तर म्हणून. (जाहिरातीत अनुभव मागितला होता. अनुभव मला होता.)

असो. समितीचा अध्यक्ष म्हणून मी कामाला लागलो. बेकरीतून बिस्किटांचा रिकामा डबा आणला, झाकणाला फट पाडली आणि सूचना लावली की शाळेत ज्याला ज्याची भीती वाटते त्याने ती चिठ्ठीवर लिहून टाकावी, नाव लिहू नये. मला वाटले पाच-सहा चिठ्ठ्या येतील, त्या मी फाइलला लावीन. आठ दिवसांत डबा भरला. शुक्रवारी दुपारी मी आणि आमच्या शिपाई गोजराबाई (मूळच्या कराडकडच्या, म्हणजे आपल्याच) तो उघडून बसलो. त्यांना वाचता येत नाही, पण समितीला कोरम हवा म्हणून मी त्यांना बसवले.

एकाने लिहिले होते, इंग्रजीच्या सरांनी नाव विचारले की मला माझे नाव आठवत नाही. एकाने लिहिले होते, बाबांना वाटते मी कॉमर्सला आहे. एकीने लिहिले होते, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, एकीला बाहेर उभे करावे लागते, मैत्रीण आली नसेल त्या दिवशी मी घरून पाणी पीत नाही. ही चिठ्ठी वाचून मी तसाच उठलो, वर्कशॉपातून कडी आणि चार स्क्रू घेतले आणि ती बसवून आलो. (मामा, तीन वर्षांत या शाळेत मी केलेले हे पहिले प्रात्यक्षिक. त्यात करंट नव्हता.) एका चिठ्ठीत फक्त एवढेच होते : हे अक्षर कोणीतरी ओळखेल अशी भीती वाटते. ते मी ओळखले आणि चिठ्ठी फाडून टाकली.

मग माझ्या वर्गाच्या चिठ्ठ्या लागल्या. वर्कशॉपातल्या तेलकट बोटांचे ठसे असतात, त्यामुळे त्या कळतात. वीसपैकी सतराजणांनी एकच लिहिले होते : मोटारीची भीती वाटते. मला नवल वाटले. मोटार तर खोक्यात. तिने कोणाचे काय केले? अठराव्या चिठ्ठीत उत्तर होते. ती मी पाठ केलेली नाही, पण पाठ झाली आहे. "सर मोटारीला हात लावत नाहीत. खोक्याच्या बाजूने जातानासुद्धा लांबून जातात. सर एवढे हुशार आहेत आणि ते घाबरतात, म्हणजे तिच्यात काहीतरी असणारच. पुढच्या वर्षी आम्ही तळोज्याला कामाला लागू तेव्हा तिथे फळा नसेल. आमचे काय होईल?"

गोजराबाई म्हणाल्या, "काय लिवलंय, सर? तुमचं तोंड असं का झालं?"

मी म्हणालो, "डासांचा त्रास आहे म्हणतात."

मामा, मला वाटत होते मी त्यांना काहीच शिकवले नाही. मी शिकवले होते. दोन वर्षे, रोज, न चुकता, मी त्यांना भ्यायला शिकवले होते आणि त्यात अख्खा वर्ग पहिल्या नंबराने पास झाला होता. त्या संध्याकाळी माझी भीती कमी झाली असे म्हणणार नाही. उलट वाढली. पण आता ती माझी एकट्याची राहिली नाही, आणि वीस पोरांच्या डोक्यावर आपली भीती ठेवून हिंडणे मला बरे वाटेना.

काल शनिवारी सकाळी खोके फोडले. आत पेंढ्यात उंदरांचे एक मोठे कुटुंब दोन वर्षे सुखाने नांदत होते. ते चारी दिशांनी पळाले आणि पोरे त्यांच्यामागे. मी टेबलावर उभा होतो. (समितीचा अध्यक्ष या नात्याने.) आतून मोटार निघाली, हिरवी, तेल लावलेली, एवढ्याशा पिल्लासारखी गप्प. मग पोरांनी वायरिंग केले. मी फक्त पाहत होतो. एकही वायर चुकीच्या ठिकाणी जात नव्हती; जिथे अडेल तिथे डोळे मिटून हवेत बोटाने माझा फळा काढायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. अर्ध्या तासात मोटार, स्टार्टर, पॅनल सगळे जोडून झाले. आता बटण दाबायचे तेवढे उरले.

मी रबराचे हातमोजे घातले. रबराची चटई टाकली. पायात गमबूट होते, ते बोनकोड्याच्या एका कोळ्याकडून आणले होते, दोन नंबर मोठे. आणि मग मी सुरक्षिततेवर बोलायला सुरुवात केली. ओल्या हाताबद्दल बोललो, सैल कपड्यांबद्दल बोललो, अंगठी, घड्याळ, करदोटा यांबद्दल बोललो. भूकंप झाल्यास काय करावे हेही सांगितले. पन्नास मिनिटे बोललो. बेल झाली.

वर्गात एकच मुलगी आहे, रुतिका, बोनकोड्याचीच. ती शांतपणे म्हणाली, "सर, आजपण नाय का?"

त्या "आजपण"मधला "पण" मला लागला. मी हातमोजे काढले आणि टेबलाच्या कडेला टेकून त्यांना शिवरामांचे सगळे सांगितले. दांडा दोन पावलांवर होता हेही सांगितले. मग भावेश म्हणून एक उंच पोरगा आहे, त्याने विचारले, "मग सर, तुमी करंट शिकवायला कशाला आलात?"

"दुसरं काही येत नव्हतं," मी म्हणालो.

पोरे हसली. मीही हसलो. बरे वाटले. मी उठलो, पॅनलचा दांडा वर केला, वायरी घट्ट आहेत ना ते पाहायला पॅनलचे दार उघडेच होते, ते लावायला वळलो, आणि तेवढ्यात दारातून धोंडूबाई आत आल्या.

धोंडूबाई म्हणजे रुतिकाची आजी. मासळी विकतात. पोरगी आज मोटारीला हात लावणार हे त्यांना घरी कळले होते आणि त्या बाजारातून तशाच, डोक्यावर पाटी घेऊन, नातीला न्यायला आल्या होत्या. "चल घरी," त्या दारातूनच ओरडल्या, "करंट लागला त तुझं लगीन कोन करल?" लुगडे गुडघ्यापर्यंत भिजलेले, पाटीतून पाणी गळत होते. पाटी उतरवायला आधार हवा म्हणून त्यांनी ओला हात पुढे केला, सरळ उघड्या पॅनलकडे.

मामा, मी काय केले ते मला आठवत नाही, पोरांनी सांगितले ते लिहितो. मी किंचाळलो. तो आवाज बेकरीपर्यंत गेला आणि तिथे कोणाच्या तरी हातून ट्रे पडला. मग मी उडी मारली. गमबूट जागेवरच राहिले. अनवाणी पायांनी मी दांड्याला लोंबकळलो आणि तो खाली ओढला, आणि त्याच झोकात खोक्याच्या फळ्यांवर जाऊन पडलो. धोंडूबाई दचकल्या, पाटी सुटली आणि पाचशे बोंबील वर्कशॉपभर पसरले. मोटारीवर, चटईवर, माझ्यावर.

मी पडल्या पडल्या विचारले, "लागलं का? आजी, लागलं का?"

धोंडूबाई आपल्या हाताकडे बघत होत्या. "काय लागलं? काय नाय लागलं. मास्तर, कशाला बोंबलतोस?"

कोणालाच काही कळेना. मग दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या गोजराबाई हळूच म्हणाल्या, "सर, करंट न्हाईच. बाहेरचा मेन म्या सकाळीच बंद केलाय. तुमी मोटार लावनार म्हटल्यावर मलाच भ्या वाटलं."

पॅनलवरचा लाल दिवा पेटलेला नव्हता. डिसेंबर असल्याने पंखे बंद होते. हे वीस विद्यार्थ्यांच्या आणि एका शिक्षकाच्या ध्यानात आले नाही. पन्नास मिनिटे मी मेलेल्या पॅनलसमोर थरथरत होतो आणि मेलेल्या पॅनलपासून एका जिवंत बाईला वाचवले. आपण हसत असाल. हसा. पण मामा, दांडा मी ओढला. करंट नव्हता हे मला ठाऊक नव्हते. मी पडल्या पडल्या, अंगावरचे बोंबील न झटकता, दोन मिनिटे नुसता रडलो आणि पोरांनी तोंडे दुसरीकडे केली.

धोंडूबाई खाली बसून मासळी गोळा करायला लागल्या. रुतिका त्यांना कानात काहीतरी सांगत होती. त्या मला म्हणाल्या, "तुला भ्या वाटतं, मास्तर?"

"हो, आजी."

"माझा दादला खाडीला कदी भ्याला नाय. वारा असू दे, भरती असू दे, जायाचा. भावेशच्या आज्यानं त्याला आवाज दिला, यानं पाठी बघितला नाय. गेला तो गेलाच." त्यांनी एक बोंबील धुवायला बाजूला ठेवला. "पोर र्‍हाऊ दे तुझ्याजवल. पन तुझे डोले तिच्या हातावर पायजेत."

मी हो म्हणालो. धोंडूबाई खोक्यावर बसून राहिल्या. पोरांनी पाणी पुसले, मोटार कोरडी केली, पॅनलचे दार मी लावले आणि हात ठेवून खात्री केली. मग गोजराबाईंना मेन लावायला सांगितले. त्यांनी डोळे मिटून लावला. लाल दिवा पेटला. माझे तोंड कोरडे पडले, नेहमीसारखेच. मी दांडा वर केला आणि हिरवे बटण दाबले.

मोटार घरघरली आणि फिरायला लागली. पुलीवर एक बोंबील अडकून राहिला होता, तो सुटून फळ्यावर जाऊन चिकटला. पोरे ओरडली. पण रुतिका मोटारीच्या पाठीवर रंगवलेला बाण बघत होती. "सर, उलटी फिरतेय."

आणि तीनचार आवाज एकदम आले, "दोन फेज बदला!"

हे मी त्यांना फळ्यावर शिकवले होते, मामा. लाल आणि पिवळ्या खडूने. मोटार बंद केली, दांडा खाली ओढून मी त्यावर हात ठेवून उभा राहिलो, रुतिकाने टेस्टरने तपासले आणि दोन वायरी बदलल्या. माझे डोळे तिच्या हातावर होते. मग बटण तिनेच दाबले, आणि मोटार बाणाप्रमाणे फिरली. सगळ्या वीसजणांनी एकेकदा बटण दाबेपर्यंत दोन वाजले. कोणाला भूक लागली नाही.

पोरे गेल्यावर मी वही काढली. "झाले" यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिले : खोके न उघडल्यामुळे हे प्रात्यक्षिक दोन वर्षे झालेले नाही, कारण शिक्षकास भीती वाटत होती. ता. २ डिसेंबर रोजी सुरू केले, आजवर चार तास. सही केली आणि वही राजेश्वरीबाईंना नेऊन दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "इतकं खरं लिहायची गरज होती का, सर?" मी म्हणालो, पोरांना ठाऊक आहे, मग वहीलाही असू दे. अठरावी चिठ्ठीसुद्धा मी फाइलला लावली आहे. तपासणी समिती ती वाचेल, मग काय करायचे ते करील. मी जे करायचे ते केले. मला आता कशाचेच भय उरलेले नाही.

मामींना नमस्कार, म्हशीच्या पाठीवर हात. सुनयनाचा आपल्याला नमस्कार आणि विश्वजितचा बिनदाती पापा. गुडघ्यांना जपावे आणि पत्र मिळाल्याचे दोन ओळींत कळवावे, म्हणजे जीव भांड्यात पडेल.

आपला भाचा,
इंद्रजित

ता. क. वर "भय उरलेले नाही" असे लिहिले आहे ते शनिवारच्या पोरांपुरते वाचावे. गुरुवारची माणसे वेगळी आहेत, ती बेलापूरहून येणार आहेत आणि त्यांच्या हातात वही असणार आहे. म्हणून एक छोटे काम. बुधवारी ता. १३ ला सकाळी सातार्‍याहून माझ्या नावाने शाळेच्या पत्त्यावर एक तार करावी : "मामा सिरीयस, ताबडतोब निघा." आजार कोणता ते लिहू नये, मला नीट खोटे बोलता येत नाही. सुनयनाला मी आधी सांगून ठेवतो, नाहीतर ती तार वाचून रडत स्टँडवर जायची.

ता. क. दुसरा, मंगळवार. पत्र पेटीत टाकायला दोनदा गेलो आणि दोनदा परत आणले. तार करू नये. काल राजेश्वरीबाईंच्या नागपूरच्या मावशी सिरीयस असल्याची तार आली, बाई बारा दिवसांच्या रजेवर गेल्या. आज इंग्रजीच्या सरांचे सासरे सिरीयस झाले. बेकरीच्या बाईंच्या आजीची तार दुपारी आली. तारवाला मला विचारत होता, मास्तर, तुमच्या नातेवाइकांत काही साथ आहे का. राहिलो मी. जाताना बाईंनी किल्ल्या, शिक्का आणि प्रभारी प्राचार्यपद माझ्या हातात दिले. आता आपली तार आली तर माझी रजा मंजूर करणारा मीच, आणि मी मला ओळखतो, नामंजूर करण्याचे धाडस मला होणार नाही. मग गुरुवारी समितीसमोर माझी वीस पोरे आणि गोजराबाई उरतील. आज सकाळी रुतिकाने विचारले, "सर, तुमची तार कदी येनार?" वर्गात कोणी हसले नाही.

ता. क. शेवटचा. मामा, तारेऐवजी तुम्हीच या. बुधवारी ता. १३ ला सकाळच्या एसटीने निघा, वाशीला उतरा, मी रिक्षा घेऊन उभा राहतो, गुडघ्यांना एकही जिना लागणार नाही. गुरुवारी काही बोलायचे नाही, काही करायचे नाही, वर्कशॉपात माझ्या मागे एका खुर्चीवर बसायचे. समितीने विचारले हे कोण, तर मी सांगेन, माझे मामा, बोर्डात तीस वर्षे लाइनमन होते. आणि मामींनी विचारले कशाला चाललात, तर इंद्राला भीती वाटते म्हणून बोलावलंय, असं सांगितलंत तरी चालेल.